आधी मागची दरड, मग आतला रंग

२०२२ सालची गोष्ट. गणपती विसर्जन होऊन चार-पाच दिवस झाले होते आणि एका काकूंचा फोन आला. काका-काकू मुंबईहून निवृत्त होऊन देवरुखजवळ राहायला आलेले, रस्त्याच्या वरच्या अंगाला उतारावर घर. बांधून जेमतेम दीड वर्ष झालेलं. "दिवाळीच्या आत आतलं सगळं नवं करून द्याल का? पीओपी, पुट्टी, रंग. सूनबाई बाळाला घेऊन पहिल्यांदाच येतेय."

मी बघायला गेले. हॉलचं दार उघडल्या उघडल्या वास आला. पावसाळ्यात बंद राहिलेलं घर ज्यांनी कोकणात कधी उघडलंय, त्यांना तो वेगळा सांगायला नको. मागच्या भिंतीवर जमिनीपासून कमरेपर्यंत पुट्टीला फोड आले होते. एक फोड अंगठ्याने दाबला, तर पापडासारखा फुटला आणि बारीक पांढरी पूड हातावर आली. ती मी जिभेला लावून बघितली. वडिलांची सवय, माझ्यात उतरली आहे. खारट, जराशी कडू. वर छताच्या कडेने पीओपीची पट्टी होती, तिचा एक कोपरा पिवळा पडून खाली आला होता. काकूंनी तो तुकडा वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवला होता, परत चिकटवता आला तर चिकटवू म्हणून.

"रंगवाल्याने माल हलका वापरला," काका म्हणाले.

"काका, मला आधी घराच्या मागे जायचंय," मी म्हटलं.

वडिलांच्या माघारी अठरा वर्षं मी संगमेश्वर-देवरुख-साखरपा या पट्ट्यात बांधकामाचं काम करते आहे. आतल्या भिंतीचं दुखणं आतल्या भिंतीतच सुरू झालंय, असं फार थोड्या वेळा बघितलं. तरी लोक बोलावतात ते आतल्यासाठीच, कारण जे रोज दिसतं ते खुपतं. घराच्या मागे कोण जातं? कपडे वाळत घालायला गेलं तरच.

मागे गेलो. जागा सपाट करायला जेसीबीने डोंगर उभा कापलेला, चौदाएक फूट. वरचा दीड पुरुष जांभा, भोकाभोकांचा पण कडक. त्याच्या खाली पांढुरकी-पिवळी चिकणमाती, पावसाळ्यात हात लावला तर साबणासारखी. जांभ्यातून पाणी झिरपतं आणि या मातीशी येऊन अडतं, मग बाहेर पडायला वाट शोधतं. खालच्या आठ फुटांना चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडांची, भिंत बांधून काढली होती, चाळीसएक फूट लांब, सिमेंटमध्ये, वर झकास गिलावा. भिंत आणि घर यांच्यामध्ये चार फुटांची बोळ. गच्चीचे दोन्ही पाइप त्याच बोळात सोडलेले. आणि खोदाईची उरलेली माती बोळात पसरून टाकलेली, घराच्या जोत्याच्या वर वीतभर.

जोत्याच्या डोक्यावर ओल अडवायला जो थर टाकतात, तो खालून चढणारं पाणी अडवतो. माती त्याच्याही वर चढवली, की पाणी त्या थराला वळसा घालून थेट भिंतीत शिरतं. चिरा पाणी पितो. ते पाणी मातीतले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून आतल्या बाजूला आणतं, तिथे पंख्याच्या वाऱ्याने उडून जातं आणि क्षार पुट्टीच्या पाठीमागे स्फटिक होऊन बसतात. ते स्फटिक वाढताना पुट्टीला पुढे ढकलतात. आमच्याकडे याला लोणा लागला म्हणतात. या भिंतीला जगातला सगळ्यात महाग रंग दिला असता तरी पुढच्या श्रावणात तो पापडासारखाच फुटला असता.

हिशेब काकांना तिथेच करून दाखवला, कारण ते बँकेत होते आणि आकड्यांशिवाय त्यांना पटत नाही. गच्ची बाराशे स्क्वेअर फुटांची. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस आमच्याकडे जुलैत कोणी मोजतही नाही, पण तेवढा पडला तर एका गच्चीवरून अकरा हजार लिटर पाणी त्या चार फुटांच्या बोळात येतं. म्हणजे मोठ्या टँकरचं पाणी. आणि आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस.

काका गप्प झाले.

मग मी चिऱ्याच्या भिंतीकडे वळले. मधोमध तिचं पोट पुढे आलं होतं. डोळ्याला सहज दिसत नव्हतं, पण अण्णांनी, म्हणजे वडिलांच्या वेळेपासूनच्या आमच्या मुख्य गवंड्यांनी, दोन टोकांना दोरी ताणून धरली आणि मधे तीन बोटं फरक आला. भिंतीत पाणी बाहेर पडायला होल ठेवतात ती कुठे दिसेनात. अण्णांनी हातोडीच्या दांड्याने गिलावा वाजवत वाजवत एक जागा शोधली, छिन्नीने खपली काढली. आत अडीच इंची पीव्हीसी पाइप होता! ठेवला होता बिचारा, वरून गिलावा करताना तोंड लिंपून टाकलं होतं. पाइपातली माती अण्णांनी सळईने ढोसली आणि पुढच्या क्षणी त्यांच्या छातीवर पिवळ्या पाण्याची धार आली. धार हातभर लांब पडत होती. अण्णा बाजूला झाले, आम्ही सगळे नुसते बघत उभे. काकूंनी आतून बादली आणली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी निघताना धार बोटाएवढी होती, पण थांबली नव्हती.

आठ फूट उंचीपर्यंत भिंतीमागे पाणी तुंबलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीला जवळपास तीन टनांचा रेटा नुसत्या पाण्याचा असतो. मातीचा वेगळा. चाळीस फूट भिंत म्हणजे बारा मीटर. त्या भिंतीपासून चार फुटांवर काका-काकूंची झोपायची खोली होती. मी ते त्या दिवशी बोलले नाही. एवढंच सांगितलं, की पाऊस संपेपर्यंत तुम्ही दोघं पुढच्या खोलीत झोपा, आणि दिवाळीला पीओपी होणार नाही. या दिवाळीला नाही, रंग पुढच्या दिवाळीनंतर.

काकू फार नाराज झाल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही झाले असते. "बाळ येणार आणि घर असं?" असं म्हणून त्या आत गेल्या. दुसऱ्या माणसाला बोलावलं असतं तर त्याने पंधरा दिवसांत करून दिलंही असतं. हे मला माहीत आहे, कारण मीच एकदा करून दिलंय. २०११ मध्ये, कामाला नवी होते, गिऱ्हाईक घाईला आलेलं. ओल्या भिंतीवर जिप्समचा गिलावा मारला. इतका गुळगुळीत झाला की लोक हात फिरवून बघत. जिप्सम पाण्याला भितं, भिजत राहिलं की मऊ पडतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. जुलैत त्या घरच्या आजींच्या अंथरुणावर गिलाव्याचा पोपडा पडला. सुदैवाने त्या उठून चहाला गेल्या होत्या. ते काम मी माझ्या पैशाने काढून दिलं, आणि त्यानंतर ओल्या भिंतीसमोर माझा हात सही करायला उठत नाही.

भिंतीला हात लावला तो जानेवारीत, डोंगर पुरता आटल्यावर. पोट आलेला मधला पंधरा फुटांचा भाग वरून खाली, पाच-पाच फुटांच्या तुकड्यांनी उतरवला. एकदम काढला असता तर मागची माती अंगावर आली असती. त्या जागी गॅबियन केलं, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्या आणि त्यात काळा दगड भरलेला. पेट्या पायऱ्यांसारख्या थोड्या मागे रेलून रचल्या, मातीच्या बाजूला जिओटेक्स्टाइल कापड लावलं, म्हणजे पाणी येतं आणि माती मागेच राहते. अण्णा पहिल्या दिवशी नाक मुरडत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, हा तर आपला गडगाच की. नुसता पिंजऱ्यात घातलाय." अगदी बरोबर बोलले. बिनसिमेंटच्या दगडांचे गडगे आपल्या वाडवडिलांनी डोंगरउतारावर मैलोन्‌मैल घातले, कित्येक अजून उभे आहेत, कारण पाणी त्यांच्यातून निघून जातं. सिमेंटची भिंत बांधायची तर ती वाट आपल्याला मुद्दाम ठेवावी लागते.

दोन बाजूंचे चांगले भाग ठेवले. त्यांच्या मागची माती फूटभर रुंदीने काढून खडी भरली आणि नव्याने सात होल पाडली. अण्णांनी प्रत्येकाच्या डोक्यावर गेरूने नंबर घातला.

पण खरं काम भिंतीच्या वर होतं. दरडीच्या कडेपासून सहा फूट मागे, आडवा चर घेतला. नुसता मातीचा चर ठेवला तर पाणी त्यातच मुरून परत दरडीत उतरतं, म्हणून त्याला दगडाचं अस्तर दिलं आणि बाजूच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, नेऊन सोडला. उतरताना पायऱ्या केल्या. पाणी उतारावर सरळ सोडलं तर ते जाता जाता घळ पाडतं, पायरीवर आपटलं की त्याचा जोर मोडतो. भिंतीच्या वर उरलेला उभा काप मागे रेलता करून घेतला, जितकी उंची तितकंच मागे. काकांची तीन काजूची झाडं त्यात गेली. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, पण तो दिवसभर ते बाहेर आले नाहीत.

रेलत्या उतारावर काथ्याचं जाळं अंथरलं. ही भूवस्त्रं नारळाच्या सोडणापासून करतात, चौरस मीटरला चारशे, सातशे, नऊशे ग्रॅम अशा वजनांत मिळतात. आम्ही सातशेचं घेतलं. वरच्या कडेला चरात पुरून, मग बांबूच्या खुंट्यांनी जमिनीला चिकटवत खाली आणलं. जाळं जमिनीला सगळीकडे टेकलं पाहिजे. जिथे ते अधांतरी राहतं तिथे पाणी त्याच्या खालून धावतं, आणि मग वरून सगळं ठीक दिसत असताना माती आतल्या आत जाते. पावसाचा थेंब उघड्या मातीवर पडतो तेव्हा कण उडवतो, पाणी वाहतं तेव्हा तेच सुटे कण घेऊन जातं. जाळं थेंबाचा मार स्वतःवर घेतं. दोन-तीन पावसाळ्यांत ते कुजून मातीत मिसळतं, आणि तोवर झाडांनी ताबा घ्यायचा असतो.

ताबा घ्यायला लावला वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच. त्याच्या मुळ्या आडव्या पसरत नाहीत, सरळ खाली जातात, जमीन साथ देईल तर तीन मीटरपर्यंत. जगभर धूप थांबवायला हेच गवत लावतात आणि ते मुळात आपल्याकडचं आहे. जून लागताना, पहिल्या दोन सरी झाल्यावर, ठोंब फोडून चार-पाच बोटांच्या अंतराने एका ओळीत, ओळ उताराला आडवी, ओळीओळीत मीटर-सव्वा मीटर. अंतर दाट ठेवायचा कंटाळा करू नये. ठोंब एकमेकांना भिडले की गवताची भिंत होते, गाळ तिच्यामागे अडतो आणि आपोआप छोटी पायरी तयार होते. सावलीत वाळा मान टाकतो, त्यामुळे फणसाखालच्या कोपऱ्यात दुसऱ्या वर्षी आम्हाला दगड रचावे लागले.

इथे एक सांगायलाच हवं. वाळा, काथ्या, गॅबियन हे सगळं वरच्या मीटर-दोन मीटर मातीसाठी आहे. अख्खा डोंगर हलत असेल तर गवत काही करू शकत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि २२ जुलै २०२१ ला तळीये दरडीखाली गेलं, ते दिवस आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. माथ्यावर जमिनीला लांब भेग पडली, सरळ वाढलेली झाडं एका बाजूला कलली, स्वच्छ झरा एकाएकी गढूळ झाला किंवा नको तिथे नवा झरा फुटला, तर मला किंवा माझ्यासारख्या कोणाला फोन करत बसू नका. आधी माणसं आणि गुरं हलवा, ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना कळवा. काकांच्या जागेसाठीही आम्ही भूगर्भतज्ज्ञांना आणून माथा दाखवून घेतला होता आणि त्यांनी होकार दिल्यावरच जानेवारीत पहार उचलली.

बोळातली माती काढून जोत्याच्या खाली वीतभर नेली, घराकडून बाहेर उतार दिला, अर्धगोल गटार काढलं, गच्चीचे पाइप थेट त्यात घेतले. हे काम चार दिवसांचं. नुसतं एवढं मूळ बांधकामात केलं असतं तरी निम्मी ओल आली नसती.

एप्रिलमध्ये काकूंनी मला वरच्या खोलीत नेलं. "हात लाव," म्हणाल्या. दुपारचे साडेचार वाजले होते. पलंगावर उभी राहून छताला तळवा लावला, तर तव्यावरून नुकती भाकरी काढावी आणि तवा बाजूला ठेवावा, तेवढं ऊन. रात्री बारापर्यंत असंच राहतं म्हणाल्या. पाच इंची काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ते खोलीत सोडत बसतं. जुन्या घरात हा त्रास नव्हता. वर कौलं, कौलांच्या फटींतून वारा, खाली माळा, माळ्यावर पेंढा आणि अडगळ. उन्हाला खोलीत पोचायच्या आधी तीन दारं ओलांडावी लागत. स्लॅब टाकताना आपण ती तिन्ही काढली आणि त्यांच्या बदल्यात काहीच ठेवलं नाही.

सुचवणारे बरेच होते. आतून फॉल्स सीलिंग करा, त्यात ग्लासवूल घाला. आतून केलं तर स्लॅब तापतोच, फक्त आपल्याला कमी कळतं. शिवाय ग्लासवूल भिजली की तिचा उपयोग संपला, आणि आमच्याकडे चार महिने हवाच ओली. स्लॅबवर पत्र्याची शेड हा सगळ्यांचा आवडता उपाय, तो वाईटही नाही, मधली हवा खेळती ठेवली तर. पण काकूंना गच्ची उघडी हवी होती. आमसुलं, कुळथाचं पीठ करायला कुळीथ, पापड, सगळं तिथेच वाळतं.

मग ऊन वरच अडवायचं ठरवलं. जुना कोबा जिथे पोकळ वाजत होता तिथे काढून नव्याने केला, शंभराला एक उतार देऊन. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या कोपऱ्यात सगळीकडे वाटा मारला, म्हणजे कोपरा भरून गोलसर केला, कारण काटकोनातच चीर पडते. जलरोधक थर दिला. दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं, खाली पेन्सिलने खुणा करून बघितलं, एक थेंब नाही. त्यावर दोन इंची एक्सपीएस, फिक्या निळ्या रंगाची कडक पत्री. बंद पेशींची असल्यामुळे पाणी पीत नाही, थर्माकोलसारखी भुगा होत नाही. अण्णांनी एक पत्री हातात तोलून विचारलं, "एवढी हलकी वस्तू काय अडवणार?" काँक्रीटमधून उष्णता याच्या पन्नासएक पट सहज जाते. या दोन इंचांएवढा अडसर काँक्रीटने करायचा म्हटलं तर आठ फूट जाड स्लॅब लागेल. घरांसाठी केंद्राची जी इको निवास संहिता २०१८ मध्ये आली, तिच्यात छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा, १.२ च्या वर नको असं म्हटलंय. उघड्या स्लॅबचा याच्या दुपटीहून जास्त असतो, या पत्रीने तो निम्म्याच्याही खाली येतो. पत्रीवर कापड, कापडावर पातळ काँक्रीट, आणि वर पांढरा चायना मोझॅक. मेमध्ये काकूंनी परत छताला हात लावायला लावला. या वेळी काही न बोलता माझ्याकडे बघत राहिल्या.

२०२३ चा पावसाळा आम्ही आत काहीच केलं नाही. लोणा लागलेला सगळा गिलावा खरवडून चिरा उघडा ठेवला होता. काकूंनी त्या उघड्या भिंतीसमोर गणपती बसवला, मागे साडीचा पडदा लावून. अण्णा दर महिन्याला जाऊन भिंत कोरड्या ब्रशने झाडत, क्षार निघेल तितका काढत. पाण्याने धुतलं असतं तर तो परत आत गेला असता.

नोव्हेंबरमध्ये तपासणी. ती कोणालाही घरी करता येते. हातभर स्वच्छ प्लॅस्टिक भिंतीवर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. प्लॅस्टिकच्या आतून दव धरलं तर भिंत अजून ओली. आम्ही चार ठिकाणी लावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी फोटो पाठवले, तीन कोरडे, बाथरूमलगतच्या एकाला दव. तिथली नळाची जोडणी गळत होती. ती दुरुस्त करून अजून महिनाभर थांबलो.

मागच्या भिंतीला चुन्याचा गिलावा केला. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, थोडी ओल आलीच तर बाहेर जाऊ देतो, तिला कोंडून फोड आणत नाही. पण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. दोन थर, मधे दिवस सोडून, वरून नीरूची, म्हणजे गाळलेल्या बारीक चुन्याच्या लेपाची, घोटाई. नीरू घोटणारे हात आता मोजके राहिलेत. अण्णा सकाळी साडेसहाला सुरू करत, थापी ओली करून गोल गोल, भिंतीवर खिडकीचं प्रतिबिंब अंधूक उमटेपर्यंत. वरच्या खोल्यांना मात्र जिप्समच मारलं. तिथे कोरडं आहे, आणि कोरड्या जागी जिप्समसारखं सोपं काम नाही.

पीओपीची पट्टी काकूंनी स्वतःच नको म्हटली. रंग होळीच्या आधी झाला, ताकासारखा पांढरा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो तुकडा अजून कपाटावर आहे, मी बघितला.

सूनबाई बाळाला घेऊन मेमध्ये आली. बाळ एव्हाना चालायला लागलं होतं. बाळाने भिंतीवर पेन्सिलने रेघोट्या मारल्या, त्या पुसायला नकोत असा काकांचा हुकूम आहे.

त्या जुलैत, पावसाचा जोर असताना, रात्री नऊला काकूंचा फोन. मला धस्स झालं. पण त्या टॉर्च घेऊन मागच्या बोळात उभ्या होत्या आणि होल मोजत होत्या. "एक, दोन, चार, पाच आणि सात वाहतंय. पाणी स्वच्छ आहे, गढूळ नाही. तीन आणि सहा कोरडी आहेत गं, ती अडली असतील का?"

अण्णांना सांगितलंय, रविवारी सळई घेऊन या.